शाळेच्या वेळापत्रकात डोंगर

आज गोष्ट चढण्याची.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सॅम वॉटसन नावाचा अमेरिकेचा अठरा वर्षांचा पोरगा पंधरा मीटर उंच भिंत ४.७४ सेकंदांत चढला. पंधरा मीटर म्हणजे साधारण पाचमजली इमारत. आपल्या सोसायटीची लिफ्ट तेवढ्या वेळात नीट दारही लावत नाही. तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता, आणि गंमत म्हणजे एवढं करून त्याला मिळालं कांस्यपदक, कारण उपांत्य फेरीत तो आधीच हरला होता. त्याच ऑलिंपिकमध्ये बोल्डर आणि लीड या प्रकारात सुवर्ण जिंकणारा इंग्लंडचा टोबी रॉबर्ट्स एकोणीस वर्षांचा. त्याआधी टोकियोत जिंकलेला स्पेनचा आल्बेर्तो गिनेस लोपेस अठराचा.

ही वयं बघा. बारावी आणि एफवायची वयं आहेत ही. म्हणजे सुरुवात शाळेत असतानाच झालेली असणार. आज जगात अशा कितीतरी माध्यमिक शाळा आहेत की जिथे बास्केटबॉलच्या बोर्डाशेजारी रंगीत होल्ड ठोकलेली भिंत असते, आणि पीटीच्या तासाला पोरं कमरेला हार्नेस बांधून उभी असतात. पण शाळा आणि चढाई यांचं नातं या भिंतींपेक्षा खूप जुनं आहे. ते सुरू झालं तेव्हा भिंत नव्हती, हार्नेस नव्हता, होता फक्त एक ताग्याचा दोर आणि एक मास्तर. आणि तेव्हापासून एक प्रश्न सतत त्या मास्तरांच्या मानगुटीवर बसलाय. दुसऱ्याचं पोर तुम्ही कड्यावर कुणाच्या भरवशावर नेता?

चला, १९०४ मध्ये जाऊ. इंग्लंडमधलं विंचेस्टर कॉलेज. नावात कॉलेज असलं तरी ही शाळा, १३८२ सालची. तिथे आर. एल. जी. आयर्विंग नावाचा तरुण मास्तर होता, आल्प्सच्या नादानं झपाटलेला. त्याचा चढाईतला जोडीदार गेला होता आणि त्याला नवे सोबती हवे होते. त्यानं ते शोधले कुठे, तर आपल्याच शाळेत. त्यातला एक मुलगा इमारतींच्या छपरांवर चढण्याबद्दल बऱ्यापैकी बदनाम होता. त्याचं नाव जॉर्ज मॅलरी. हो, तोच, एव्हरेस्टवाला.

त्या उन्हाळ्यात आयर्विंगनं मॅलरीला आणि हॅरी गिब्सन नावाच्या आणखी एका विद्यार्थ्याला आल्प्समध्ये नेलं. पहिलं शिखर माँ व्हेलाँ. निकाल? माथा थोडाच उरला असताना पोरांना उंची बाधली आणि सगळे मागे फिरले. पुढे ज्याचं नाव एव्हरेस्टशी कायमचं जोडलं गेलं, त्याची पहिली आल्पाइन चढाई अशी मळमळीत संपली. मला हा तपशील फार आवडतो. मात्र त्याच ऑगस्टमध्ये मास्तर आणि मॅलरी माँ ब्लाँच्या माथ्यावर जाऊन आले. शाळेत मग या मंडळींचा एक छोटा गट जमला. त्याला ते ‘आइस क्लब’ म्हणायचे.

आता इथे खरी मेख आहे. त्या काळी आल्प्समध्ये रीत अशी होती की साहेबानं स्थानिक गाइड पैसे देऊन घ्यायचा. पुढे गाइड, मागे साहेब. आयर्विंग गाइडशिवाय जायचा, आणि तेही नवशिक्या पोरांना घेऊन. १९०८ च्या डिसेंबरमध्ये त्यानं लंडनच्या अल्पाइन क्लबसमोर आपल्या पाच वर्षांच्या अनुभवावर निबंध वाचला. तिथल्या बुजुर्गांनी नुसतं नाक मुरडलं नाही, काही वजनदार सभासदांनी छापील निवेदन देऊन असल्या प्रकाराशी आपला संबंध नाही असं सांगून टाकलं. बरं, ते बुजुर्ग अगदीच चुकीचे होते का? मला नाही वाटत. त्या काळचा दोर झटका लागला की तुटायचा, आणि एक घसरला तर बांधलेले तिघेही जायचे. पण आयर्विंगचं म्हणणंही साधं होतं. गाइडच्या मागे चालत राहिलेला माणूस चालायला शिकतो, निर्णय घ्यायला शिकत नाही.

१९२१ साली एव्हरेस्टच्या पहिल्या पाहणी मोहिमेत नॉर्थ कोलवर जे पोचले, त्यांत मॅलरी होता आणि गाय बुलक होता. बुलकसुद्धा विंचेस्टरचा, आयर्विंगनंच डोंगरात नेलेला. एका शाळेच्या एका मास्तरची दोन पोरं, तेही एव्हरेस्टच्या पदराशी! मधल्या काळात मॅलरी स्वतः चार्टरहाउस शाळेत मास्तर झाला होता आणि आपल्या विद्यार्थ्यांना वेल्सच्या कड्यांवर नेत होता. त्यातला एक पुढे मोठा कवी झाला, रॉबर्ट ग्रेव्हज. म्हणजे साखळी सुरूच. १९२४ च्या जूनमध्ये मॅलरी एव्हरेस्टवरून परतला नाही. सोबत बावीस वर्षांचा सँडी अर्विन होता. (आयर्विंग मास्तर वेगळा, हा अर्विन वेगळा. नावांची गल्लत करू नका, अनेक जण करतात.) मॅलरीचा देह सापडला थेट १९९९ मध्ये.

आता भारतात येऊ. १९३५, देहरादून. सतीश रंजन दास यांनी कल्पना मांडली, पण शाळा उभी राहायच्या आधीच ते गेले. त्यानंतर चांदबागमध्ये, वनसंशोधन संस्थेच्या जुन्या आवारात, डून स्कूल सुरू झाली. पहिले हेडमास्तर आर्थर फूट ईटनहून आलेले. जॉन मार्टिन हॅरोहून. थोड्या वर्षांत जॅक गिब्सन आले आणि पुढे आर. एल. होल्ड्सवर्थ. सगळे इंग्लंडच्या त्याच बोर्डिंग शाळांच्या परंपरेतले. ती परंपरा म्हणजे शिस्त, क्रिकेट, थंड पाण्याची आंघोळ आणि सुट्टीत डोंगर. फरक एवढाच की विंचेस्टरच्या पोरांना आल्प्सला जायला समुद्र ओलांडावा लागायचा. डूनच्या पोरांना खिडकीतून मसुरीची रांग दिसायची.

होल्ड्सवर्थ हा माणूस तर स्वतंत्र एपिसोडचा विषय आहे. ऑक्सफर्डकडून आणि काउंटी संघांकडून प्रथम श्रेणीचं क्रिकेट खेळलेला, फुलझाडांचा नाद असलेला. १९३१ साली फ्रँक स्माइथच्या मोहिमेतून तो कामेतच्या माथ्यावर गेला होता, ७७५६ मीटर. तोवर माणूस चढलेलं ते सगळ्यात उंच शिखर. स्वारी वाटेत बऱ्याच उंचीपर्यंत स्की घेऊन गेली होती. असा माणूस तुमचा वर्गशिक्षक असेल तर तुम्ही सुट्टीत मामाच्या गावाला जाल का?

डूनमध्ये सत्राच्या मध्ये काही दिवसांची सुट्टी असते. तिला ‘मिडटर्म’ म्हणतात. या सुट्टीत मुलांनी छोट्या गटांनी डोंगरात जायचं, वरच्या वर्गातल्यांनी तर बेतही स्वतःच आखायचे. मुक्काम, शिधा, सगळं. आता गुगल मॅप असताना याचं काही वाटणार नाही. पण चाळीसच्या दशकात पंधरा-सोळा वर्षांच्या पोरानं चार दिवसांच्या पिठाचा हिशेब करणं हा धडाच होता. तांत्रिक चढाई यापुढची पायरी. शाळेनं सगळ्यांना काही ती शिकवली नाही, पण ज्याच्या डोळ्यांत चमक दिसेल त्याला मास्तर आपल्या मोहिमेवर सोबत न्यायचे.

असा एक मुलगा म्हणजे नंदू जयाल. नरेंद्र धर जयाल, डूनच्या अगदी पहिल्या तुकडीतला. याची गोष्ट बंदरपूंछपासून सांगायला हवी. बंदरपूंछ हे गढवालमधलं सुमारे ६३०० मीटरचं शिखर म्हणजे डूनच्या मास्तरांचं जणू घरचं शिखर. १९३७ मध्ये गिब्सन आणि मार्टिन तिथे गेले, हुकलं. सोबत एक तरुण शेर्पा होता, तेनझिंग. १९४६ मध्ये गिब्सन आणि होल्ड्सवर्थ पुन्हा गेले, या वेळी आपला जुना विद्यार्थी नंदूला घेऊन. पुन्हा तेनझिंग सोबत, पुन्हा हुकलं. शेवटी १९५० मध्ये गिब्सनच्या मोहिमेतून तेनझिंग, रॉय ग्रीनवुड नावाचा सार्जंट आणि आणखी एक शेर्पा माथ्यावर पोचले. तेरा वर्षं! मास्तर लोकांची चिकाटी म्हणजे काय ते यावरून कळतं. आणि हा तेनझिंग म्हणजे तोच, तीन वर्षांनी हिलरीबरोबर एव्हरेस्टवर उभा राहिलेला.

यानंतरचं नाव गुरदयाल सिंग. हे डूनचे विद्यार्थी नव्हेत, भूगोलाचे शिक्षक. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर शाळेत रुजू झाले, आणि होल्ड्सवर्थ-गिब्सन मंडळींच्या संगतीत डोंगरात ओढले गेले. १९५१ च्या जूनमध्ये ते चौघांची छोटी मोहीम घेऊन त्रिशूलवर गेले, ७१२० मीटर. सोबत डूनचाच माजी विद्यार्थी नलनी जयाल, सुरेंद्र लाल आणि तोच सार्जंट ग्रीनवुड. २३ जूनला गुरदयाल, ग्रीनवुड आणि शेर्पा दावा थोंडुप माथ्यावर पोचले. तिथे या भूगोलाच्या मास्तरांनी काय करावं? शीर्षासन! सात हजार मीटरवर, बर्फात, डोकं खाली पाय वर.

भारतीय गिर्यारोहणाच्या इतिहासात ही मोहीम आरंभाची मानतात. भारतीयानं आखलेली, भारतीयानं नेलेली पहिली मोठी हिमालयीन मोहीम म्हणून. मानावी, पण मला इथे थोडं अडखळायला होतं. त्रिशूलवर १९०७ साली लाँगस्टाफबरोबर पहिल्यांदा जे पोचले त्यांत करबीर नावाचा गुरखा सैनिक होता. कामेतवर १९३१ मध्ये होल्ड्सवर्थबरोबर लेवा शेर्पा होता, आणि दोन दिवसांनी दुसऱ्या तुकडीबरोबर केसरसिंग नावाचा तिथलाच माणूस वर गेला होता. हा दावा थोंडुप तर १९३४ च्या नंगा पर्वतच्या भीषण मोहिमेतून जिवंत परतलेला आणि १९५० मध्ये फ्रेंचांबरोबर अन्नपूर्णेवर राबलेला. म्हणजे इथले लोक चढत होतेच. नव्हतं ते हौसेसाठी चढण्याचं परवडणं. सुट्टी, पैसा, बूट, नकाशा आणि ‘जा पोरा’ म्हणणारा मास्तर. ते सगळं डूनसारख्या शाळेत होतं, आणि ती शाळा कुणाला परवडायची हे वेगळं सांगायला नको. शिधा पाठीवर घेऊन जाणाऱ्याचं पोर त्या वर्गात नव्हतं.

त्याच जूनमध्ये, त्रिशूलच्या शेजारीच, आणखी एक प्रकार घडला. नंदादेवीवर रोजे द्युप्ला आणि जिल्बेर व्हिन्य हे दोन फ्रेंच गिर्यारोहक मुख्य शिखर आणि पूर्व शिखर यांच्यामधली लांबलचक धार ओलांडायला निघाले आणि नाहीसे झाले. त्या मोहिमेत तेनझिंग होता आणि लष्करातर्फे सोबत गेलेला आपला नंदू जयालही. म्हणजे एका शाळेच्या परिघातली माणसं त्या महिन्यात एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर होती. एकीकडे शीर्षासन, दुसरीकडे शोध.

१९५३ ला एव्हरेस्ट झालं आणि तेनझिंगच्या नावाचा देशभर जयजयकार सुरू झाला. नेहरू आणि बंगालचे मुख्यमंत्री बिधानचंद्र रॉय यांच्या पुढाकारानं ४ नोव्हेंबर १९५४ रोजी दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली. प्रत्यक्ष शिकवण्याची जबाबदारी तेनझिंगकडे. आणि पहिला प्राचार्य? मेजर नंदू जयाल. मास्तर मर्जीनं एखाद्या पोराला निवडायचा, त्याच्या जागी आता भरतीचा अर्ज, अभ्यासक्रम, प्रमाणपत्र आलं. लष्करी जवान, कॉलेजातली मुलं, सगळ्यांना एकाच दोराला बांधून शिकवायला सुरुवात झाली. डूनच्या वर्गाबाहेर हे शिक्षण पडलं ते इथे, आणि ते बाहेर काढणारा डूनचाच मुलगा होता. पुढच्या वर्षी त्यानं कामेत गाठलं. होल्ड्सवर्थ मास्तरांच्या शिखरावर विद्यार्थी उभा राहिला.

आणि मग १९५८. चो ओयू, ८१८८ मीटर. या भारतीय मोहिमेचे नेते केकी बनशा, आपल्या मुंबईचे वकील. जयाल मागाहून निघाला होता. बाकीच्यांना गाठायचं म्हणून तो भराभर वर चढला, आणि एप्रिलच्या शेवटी वरच्या तळावर फुफ्फुसांत पाणी होऊन गेला. वय तिशीच्या आसपास. आज कुठलाही बेसिक कोर्स केलेला पोरगा तुम्हाला सांगेल की उंचीवर घाई करायची नाही, खोकला आणि धाप वाढली की खाली उतरायचं. पण उंचीवर फुफ्फुसात पाणी होणं हा न्यूमोनियाहून वेगळा आजार आहे हे अमेरिकी डॉक्टर चार्ल्स ह्यूस्टननं ठळकपणे मांडलं १९६० मध्ये. ह्यूस्टन स्वतः १९३६ च्या नंदादेवी मोहिमेतला गिर्यारोहक. म्हणजे देशातल्या पहिल्या गिर्यारोहण शाळेचा प्राचार्य ज्यानं गेला, ते अजून कुठल्याच शाळेत नीट शिकवलं जात नव्हतं. मोहीम मात्र पुढे गेली. १५ मे रोजी सोनम ग्यात्सो आणि पासांग दावा लामा माथ्यावर पोचले. या मोहिमेसाठी जी पुरस्कर्ती समिती बनली होती, तिचंच पुढे इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशन झालं. भारतात स्पोर्ट क्लाइंबिंगच्या झोनल आणि राष्ट्रीय स्पर्धा आज हीच संस्था बघते.

तर डोंगराचं असं चाललेलं असताना चढाई जिममध्ये शिरली कशी? १९६४, लीड्स विद्यापीठ. डॉन रॉबिन्सन नावाचा शारीरिक शिक्षणाचा शिक्षक. इंग्लंडचा हिवाळा, सतत पाऊस, आणि वसंतात कड्यावर जाणारी पोरं ढिली पडलेली. त्यानं काय केलं, तर एका बोळाच्या विटांच्या भिंतीत मध्येमध्ये दगडाचे तुकडे बसवले आणि काही विटा काढून खोबण्या केल्या. झाली भिंत! दिसायला अगदी साधी, गळकं बांधकाम वाटावं अशी. पण या बोळात संध्याकाळी घाम गाळलेला जॉन सिरेट नावाचा विद्यार्थी १९७० मध्ये ऑल्म्सक्लिफच्या ‘वॉल ऑफ हॉरर्स’ नावाच्या कुप्रसिद्ध मार्गावर सरळ चढून गेला, तेव्हा जुन्या लोकांच्या भुवया वर गेल्या. हिवाळाभर बोळात लटकून हे जमतं? जमलं होतं.

हे जमलं म्हटल्यावर शाळांना रस्ता मोकळा झाला. वरून दोर, खाली गादी, बाजूला सर. पालकांच्या सहीचा कागद पहिल्यांदाच खरोखर सही करण्यासारखा झाला. १९८५ मध्ये इटलीत बार्दोनेक्कियाजवळच्या कड्यावर मोठी स्पर्धा भरली, स्टेफान ग्लोव्हाच आणि कॅथरीन देस्तिव्हेल जिंकले. त्या वर्षी फ्रान्सच्या एकोणीस नामांकित चढाईपटूंनी जाहीरनामा काढून ठणकावलं होतं की चढाईत स्पर्धा नको. १९०८ च्या त्या निवेदनाची आठवण होते की नाही? मजा म्हणजे सही करणाऱ्यांतले काही जण लवकरच स्पर्धांत दिसायला लागले. स्पर्धा मग खऱ्या कड्यावरून कृत्रिम भिंतीवर गेल्या, १९८९ पासून वर्ल्ड कप सुरू झाला, आणि टोकियोत ऑलिंपिक गाठलं.

आपल्याकडे? सह्याद्रीचा बेसॉल्ट, तैलबैला, ड्यूक्स नोज, लिंगाणा, वानरलिंगी. ज्या वर्षी दार्जिलिंगची संस्था निघाली, त्याच १९५४ मध्ये मुंबईत गिरिविहार हा क्लब सुरू झाला. आपल्याकडे हे शिक्षण शाळेतून कमी आणि असल्या क्लबांतून जास्त आलं. नोकरी सांभाळून, शनिवारची शेवटची लोकल पकडून. कुणी बँकेत, कुणी रेल्वेत, आणि रविवारी कातळावर. डूनच्या पोरांना मास्तर मिळाला, इथल्या पोरांना दादा मिळाला, आणि एका दोरावर चार जण आलटून पालटून शिकले. बेलापूरच्या कातळावर स्पर्धा भरवता भरवता याच मंडळींच्या धडपडीतून २०१६ च्या मे महिन्यात नवी मुंबईत बोल्डरिंगचा वर्ल्ड कप झाला, भारतातला पहिला. जपान आणि युरोपातली पोरं वाशीच्या उकाड्यात हाताला खडूची पूड फासून लटकत होती. २०१७ ला पुन्हा.

पण भिंतीनं धोका कमी केला, खर्च नाही. चांगले बूट, भिंतीची फी, होल्ड बदलत राहणं, प्रशिक्षकाचा पगार, हे सगळं लागतंच. पालिकेच्या शाळेच्या पटांगणात कबड्डीची रेघ फक्कीनं आखता येते, भिंत नाही. म्हणून एखाद्या सरकारी किंवा अनुदानित शाळेतल्या पीटीच्या सरांनी कुठूनतरी प्लायवूड मिळवून दहा फुटी भिंत उभी केली असं दिसलं की मी तिथे रेंगाळतो. तुमच्या शाळेत अशी काही भिंत असेल, किंवा तुम्हाला कड्यावर नेणारे एखादे सर किंवा मॅडम असतील, तर आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. त्यांनी परवानगी कशी मिळवली, घरचे काय म्हणाले, पहिला दोर कुणी आणला, हे ऐकायला मला फार आवडेल.

गुरदयाल सिंग १९६५ च्या भारतीय एव्हरेस्ट मोहिमेतही होते, त्या मोहिमेतले नऊ जण माथ्यावर पोचले. २०२३ मध्ये, वयाच्या ९९ व्या वर्षी ते गेले.

पुढच्या भागात नंदादेवीच्या त्या धारेवर जाऊ. द्युप्ला आणि व्हिन्यचं काय झालं असावं, आणि त्यांना शोधायला निघालेल्या तेनझिंगनं ती चढाई आपली सगळ्यात अवघड का मानली, ते ऐकू. तोवर हेडफोन चार्ज ठेवा. भेटूया!